बैलाच्या शिंगातलं शिसं

"बाई, बैलाच्या शिंगात शिसं कधीपासून यायला लागलं?"

गोंदियाच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रेचा कागद खिडकीच्या उजेडात धरला होता. एक्स-रे म्हणजे शरीराच्या आतला फोटो. त्यात हाडं पांढरी दिसतात आणि मांस धुरासारखं. माझ्या कमलच्या उजव्या पोटरीत, हाडाला लागून, तीन ठिपके होते. एक बोराएवढा, दोन तुरीच्या दाण्याएवढे. ते हाडाहूनही पांढरे होते.

"हाडापेक्षा पांढरा दिसतो तो धातू," डॉक्टर म्हणाले. "आता तरी खरं बोला."

मी खरं बोलले नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना मला कोणी देवी समजायला नको. मी पदर तोंडावर ओढला आणि भिंतीकडे पाहत राहिले. कारण दारात माझे भासरे उभे होते.

भासरे म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्या झाडीपट्टीत धाकटी सून भासऱ्यांशी बोलत नाही, त्यांच्यासमोर तोंड उघडं ठेवत नाही. मला त्या घरात येऊन बारा वर्षं झाली होती आणि बारा वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. काही सांगायचं असलं तर जाऊबाईंच्या मार्फत, त्या नसल्या तर लेकरांच्या. दारामागून बांगड्या वाजवायच्या, की त्यांनी समजून घ्यायचं. याला आमच्याकडे मर्यादा म्हणतात. या मर्यादेपायी माझी पोर पायाला मुकत होती.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे. दवाखान्यातले शब्द मला जसे समजले तसे लिहिते. ज्यांच्या घरी खुंटीला भरमार टांगलेली आहे, त्या घरातल्या बायकांसाठी लिहिते. पुरुषांनी वाचलं तर वाचावं, त्यांच्याकडून मला फार आशा नाही.

भरमार म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक. आधी दारू, मग शिसं, आणि वरून एक चिंधी ठासायची. आमचं गाव अर्जुनी मोरगावच्या बाजूला, जंगलाला लागून. रानडुकरं बांधीत, म्हणजे भातखाचरात, उतरतात आणि एका रात्रीत धानाचा चिखल करतात. म्हणून गावात एक बंदूक होती. लायसन भासऱ्यांच्या नावावर, पण बंदूक गावाची, असं सगळे म्हणत. डुक्कर मारायला गावाची, पोळ्याला बार उडवायला गावाची. ठेवायला मात्र माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर, कारण ती भिंत चुलीमुळे कोरडी राहायची आणि दारू सादळत नसे. तिच्याखाली माझी चार लेकरं जेवायला बसत. मी जाऊबाईंना दोनदा म्हटलं होतं की ती ओसरीवर टांगायला सांगा. जाऊबाई म्हणाल्या, "ओसरीवर ओली होते ना व बाई. पोरं काय, सवय होते त्याहिले."

आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो त्यानंतरच्या पोळ्याची ही गोष्ट.

पोळ्याच्या दोन दिवस आधी भासरे डुकरासाठी शेतातल्या माचीवर बसायला निघाले. ओसरीवरून त्यांनी आवाज दिला, "चिंधी द्या जी घरातून." मी माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याचा पदर फाडला आणि दाराच्या फटीतून हात बाहेर काढून दिला. डुक्कर आलंच नाही. बंदूक भरलेली परत आली. भरलेला बार उपसून काढायचा म्हणजे दारू आणि शिसं वाया घालवायचं, म्हणून आमच्याकडे कोणी उपसत नाही. तशीच टांगतात, दुसऱ्या दिवशी कामी येते. भासऱ्यांनीही टांगली. दुसऱ्या दिवशी बैल धुणं, शिंगं रंगवणं, झुली काढणं, यात ते विसरले.

पोळ्याच्या दुपारी त्यांनी पुन्हा ओसरीवरून आवाज दिला, "चिंधी." आता रिकामा बार भरायचा होता, नुसता आवाजाचा. मी नवऱ्याच्या जुन्या धोतराचा तुकडा दिला. पांढरा. माझ्या मनात एकदाही आलं नाही की परवाची चिंधी कुठे गेली. त्यांच्याही मनात आलं नाही. भरलेल्या नळीतच त्यांनी वरून पुन्हा दारू ओतली.

आमच्या गावी तोरणाखाली बैल उभे राहतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणतात, आणि बार उडाला की तोरण तुटतं, बैल सुटतात. बायका तिथे जात नाहीत, त्या घरी बैलांची वाट पाहतात. लेकरं मात्र सगळी तिथेच. भासऱ्यांनी नळी आकाशात धरून घोडा ओढला. घोड्याखालची ठिणगीची टोपी फुटली, बार उडाला नाही. लोक हसले. म्हणून त्यांनी नळी खाली घेतली आणि वाकून पाहायला लागले. तेवढ्यात बार उडाला.

हे सगळं मला नंतर कळलं. मी घरी पुरणाची पोळी लाटत होते. मला आवाज ऐकू आला आणि मी मनात म्हटलं, चला, तोरण तुटलं, आता बैल येतील.

बैल आले नाहीत. कमलला घेऊन तिचे बाबा आले. ती नऊ वर्षांची होती. पोटरीतून रक्त धारेनं वाहत होतं आणि ती रडत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मागून सगळं गाव आलं.

आता गावाचं ऐका. मी पाय बांधत होते, आणि माझ्या अंगणात पंचायत भरली होती. पाटील म्हणाले, "दवाखान्यात नेल्यावर काय सांगान? बंदुकीचं नाव काढाल तं पोलीस येतीन, लायसन जाईन. कार्तिकात डुकरं कोन हाकलन? कमलची माय हाकलन?"

कोणी तरी म्हणालं, "बैलानं मारलं म्हना. पोळाच हाये, बैल बुजते. कोनाले खोटं वाटनार नाही."

सगळ्यांना ते पटलं. इतक्या लवकर आमच्या गावात कधी कोणाचं एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं. बांधाच्या भांडणावर सहा सहा महिने बसतात हे लोक. त्या दिवशी मात्र माझ्या पोरीचं रक्त थांबायच्या आत ठराव पास झाला. एकाही माणसानं विचारलं नाही की गोळी अजून आत आहे का. भासरे भिंतीला टेकून बसले होते, तोंडावर शर्टाची बाही धरून. कमलच्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

आणि मी कमलच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "बाई, कोनी विचारलं तं बैलानं मारलं म्हनजो."

गावाला शिव्या देताना मी हे वाक्य विसरत नाही.

पहिल्या दिवशी बैलबंडीतून अर्जुनीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जखम धुतली, धनुर्वाताची सुई दिली, पट्टी बांधली. धनुर्वात म्हणजे टिटॅनस, त्यात अंग लाकडासारखं ताठतं. भोक एकच होतं, कडा काळ्या होत्या. त्यांनी दोनदा विचारलं, "शिंगच होतं ना?" कमलचे बाबा म्हणाले, "हो जी, शिंगच." डॉक्टर म्हणाले, "शिंगाची जखम अशी नसते, पण तुम्ही म्हणता तर ठीक." तिथे एक्स-रेचं यंत्र नव्हतं. त्यांनी बजावलं की पाय सुजला तर थांबू नका, तडक गोंदिया गाठा.

दुसऱ्या दिवशी ताप आला. तिसऱ्या दिवशी पोटरी मांडीएवढी झाली आणि पट्टीतून वास यायला लागला. उंदीर मरून पडल्यावर कोठीत येतो तसा. आम्ही छोट्या लाइनच्या गाडीनं गोंदियाला निघालो. भासरे बरोबर आले. स्टेशनापर्यंत त्यांनी कमलला खांद्यावर नेलं, कोणाला हात लावू दिला नाही. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. पण बरोबर पाटलांनी आपला एक माणूसही पाठवला होता, मदतीला म्हणून. तो मदत काय करणार होता ते मला ठाऊक होतं. आमच्या तोंडावर लक्ष ठेवायला आला होता.

चौथ्या दिवशी तो एक्स-रे निघाला, ज्यानं मी सुरुवात केली.

मी बोलत नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी कमललाच विचारलं, "बेटा, काय झालं होतं?" तिला तापानं डोळे उघडवत नव्हते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बैलानं मारलं."

नर्सबाई हिंदीत बोलायच्या, गोंदियात बहुतेक सगळेच हिंदीत बोलतात. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बच्ची पहले तुम्हारा मुँह देखती है, फिर जवाब देती है. शरम नहीं आती?"

शरम आली. पण नुसती शरम येऊन काय होतं? मी तेव्हाही गप्प राहिले. डॉक्टरांना आमच्या बोलण्याची गरज उरली नव्हती. त्यांनी पोलिसात कळवलं आणि कमलला ऑपरेशनला नेलं. तासाभरानं बाहेर येऊन त्यांनी एक तसराळं माझ्यासमोर धरलं. त्यात शिशाचे तीन तुकडे होते आणि एक काळी पडलेली, चुरगळलेली चिंधी. नर्सबाईंनी चिमट्यानं ती उलगडली. आतून पांढरी होती. कमलच्या बाबांचं धोतर.

डॉक्टरांनी मला समजावलं. त्यांचे शब्द मी तेव्हाच मनात पाठ केले. शिसं आत राहिलं तरी एक वेळ माणूस जगतो. मारते ती चिंधी. मळकी चिंधी गोळीबरोबर मांसात घुसते, तिथे हवा पोचत नाही, आणि आतल्या आत मांस सडायला लागतं. सडताना त्यात वायू तयार होतो. याला गॅस गँग्रीन म्हणतात. दाबलं तर कातडीखाली कुरकुर वाजतं. आणि चिंधी एक्स-रेमध्ये दिसत नाही. धातू दिसतो, हाड दिसतं, कापड दिसत नाही.

त्याच दिवशी हवालदार आला. भासऱ्यांनी कबूल केलं की बार उडाला. ते म्हणाले, "पोळ्याचा रिकामा बार होता साहेब. शिसं नळीत कधीचं तरी अडकून असंल. बार एकच भरला होता." पाटलांचा माणूस बाजूला उभा राहून मान हलवत होता. पोळ्याचा रिकामा बार म्हणजे अपघात. भरलेली बंदूक लेकरांच्या डोक्यावर दोन दिवस टांगून ठेवली, आणि विसरून वरून पुन्हा भरली, म्हणजे गुन्हा. हे त्यांना रस्त्यातच कोणी तरी नीट समजावून दिलं असणार.

पाचव्या दिवशी ताप उतरला. दर तीन तासांनी पेनिसिलिनची सुई. पेनिसिलिन म्हणजे सडणं थांबवणारं औषध. मला वाटलं, सुटलो.

त्या दिवशी गावातून भेटायला लोक आले. भेटायला आले म्हणजे कसे, ते सांगते. हातात केळी, आणि बसायच्या आधी पहिला प्रश्न, "हवालदारानं लिहून काय नेलं?" पोरीच्या पायाची चौकशी त्यानंतर. एक म्हणाला, "नशीब समजा, डोस्क्यात नाही लागली." दुसरा म्हणाला, "पोळ्याचा दिवस, देवाची इच्छा." तिसरी एक बाई, माझ्याच माहेरची, म्हणाली, "पोरीनं कायले जावं पुढे पुढे?" म्हणजे गोळी ज्यानं मारली त्याची चूक नाही, ज्याला लागली त्याची. मी तिला म्हटलं, "तुझी पोर कुठं उभी होती मावशी? माझ्या पोरीच्या बाजूलेच ना?" ती केळी ठेवून निघून गेली. केळी मी खाटेखाली सरकवली आणि दुसऱ्या दिवशी झाडूवाल्या बाईला देऊन टाकली.

सहाव्या दिवशी सकाळी पुन्हा ताप चढला. एकशे चार. पोटरी पुन्हा ताणली. डॉक्टरांनी सूज बोटानं दाबली आणि मला कुरकुर ऐकू आली. खरंच ऐकू आली.

डॉक्टर आम्हाला खोलीबाहेर घेऊन आले. तिथे भासरे होते, कमलचे बाबा होते, पाटलांचा माणूस होता आणि सहीसाठी आलेला हवालदार होता. डॉक्टर म्हणाले, "आत अजून काही आहे असं मला वाटतं. पण मी आधीच तिच्या पायात बरंच शोधलं आहे. एवढा ताप असताना पुन्हा नुसतं शोधण्यासाठी तिला टेबलावर घेतलं तर ती टेबलावरच जाईल. आत नक्की काही असेल तर मी उघडतो आणि ते काढतो. नसेल तर उशीर न करता गुडघ्याच्या वर पाय कापतो, म्हणजे पोर वाचेल. अर्ध्या तासात ठरवायचं आहे. बंदूक कोणी भरली?"

भासरे म्हणाले, "मी."

"किती चिंध्या घातल्या?"

भासऱ्यांनी पाटलांच्या माणसाकडे पाहिलं, मग हवालदाराकडे. मग म्हणाले, "एक."

"नक्की?"

"एकच, साहेब."

"मग कापावा लागेल," डॉक्टर म्हणाले आणि वळले.

मी पुढे काय केलं ते सांगताना मला आजही राग येतो. मी डोक्यावरचा पदर मागे टाकला. भासऱ्यांच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. बारा वर्षांत पहिल्यांदा मला दिसलं की त्यांच्या डाव्या भुवईवर जखमेची खूण आहे.

"दोन," मी म्हटलं. "डॉक्टरसाहेब, दोन चिंध्या हायेत. मी दिल्या, माह्या हातानं. पहिली बुधवारी, डुकराच्या बारासाठी. ती हिरवी हाये, माह्या लुगड्याची. दुसरी पोळ्याच्या दिवशी, पांढरी. पांढरी निघाली. हिरवी आतच हाये."

मग कमलचे बाबा म्हणाले, "अवं, भासऱ्यासमोर..."

त्यांना मी काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

मी भासऱ्यांना म्हटलं, "तुमी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगा का बुधवारचा बार उपसला. सांगा. नाही तं पोरीचा पाय कापाले सही तुमी करा, मी नाही करत."

भासरे खाली बसले. तिथेच, फरशीवर. "नाही उपसला," ते म्हणाले. "भरलेलाच होता. दोनच हायेत साहेब." हवालदार लिहायला लागला. पाटलांचा माणूस जिना उतरून गेला, बहुतेक गाडी पकडायला.

डॉक्टर परत धावले. मी बाहेर बाकावर बसले होते. दीड तास. समोरच्या भिंतीवर टी.बी.चं चित्र होतं, थुंकू नका म्हणून. ते मी किती वेळा वाचलं याची गणती नाही.

नर्सबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात तेच तसराळं होतं. चिंधी कुजून काळी झाली होती, पण एका कडेला हिरवा धागा दिसत होता. काठाचा. मला माझं लुगडं ओळखू आलं. "अब रहेगा पैर," त्या म्हणाल्या. "सड़ा हुआ सब निकाल दिया. थोड़ा लँगड़ाएगी, पर रहेगा." आणि मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, ज्यांनी मला शरम नाही का म्हणून विचारलं होतं, त्यांनीच. मी तिथे पहिल्यांदा रडले.

आम्ही एक महिना आणि काही दिवस दवाखान्यात होतो. जखम उघडी ठेवली होती. हायड्रोजन पेरॉक्साइड घालून रोज धुवायचे. हे पाण्यासारखं औषध जखमेत घातलं की फेस येतो आणि घाण वर निघते. कमल ओरडायची. पहिले काही दिवस ओरडायच्या आधी माझ्याकडे बघायची, जणू ओरडू का म्हणून विचारत होती. मी तिला म्हटलं, ओरड बाई, जोरात ओरड. मग ती सगळा वॉर्ड दणाणून सोडायची आणि मला बरं वाटायचं.

आभार मानायचे तर मी दोघांचेच मानते, त्या डॉक्टरांचे आणि त्या नर्सबाईंचे. देवाचे मानत नाही, त्यानं गोळी डोक्यात नाही मारली म्हणून मी त्याचे आभार का मानावे?

गावाचं पुढचं ऐका. भासऱ्यांचं लायसन गेलं, बंदूक जमा झाली, कोर्टात दंड झाला. कार्तिकात डुकरं बांधीत उतरली. लोक रात्रभर डबे वाजवत बसले आणि सकाळी विहिरीवर त्यांच्या बायका मला ऐकवत, "एका पोरीच्या पायासाठी अख्ख्या गावाचा धान घालवला." एकीनं माझी घागर मुद्दाम धक्का देऊन पाडली. आम्हाला लग्नाची बोलावणी येईनाशी झाली. कमलच्या बाबांनी वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. जाऊबाई म्हणाल्या, "तू घरचं नाव घालवलं." मी म्हटलं, "नाव परत येते जाऊबाई. पाय येत नाही."

मला कळत नाही असं नाही. डुकरांनी आमचीही बांधी खाल्ली. ज्याचा धान गेला त्याचं पोट दुखणारच. पण त्यांच्या अंगणात खाट टाकून नऊ वर्षांची पोर झोपली असती, तर त्यांनीही बैलाचंच नाव सांगितलं असतं का? हा प्रश्न मी विहिरीवर एकदा विचारला. बायकांनी बादल्या जोरात आपटल्या.

ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांना एवढंच सांगायचं आहे. डॉक्टर पहिल्यांदा विचारतील, काय झालं? तेव्हाच सांगा. काय लागलं, किती लांबून लागलं, नळीत काय काय भरलं होतं, सगळं सांगा. लायसन कोणाचं, नाव कोणाचं जाईल, मर्यादा कोणाची, हे सगळं नंतर पाहा. मी सहा दिवस गप्प बसले आणि कमल त्या सहा दिवसांपायी आजही पाय ओढत चालते. आणि घरात बंदूक असेल तर सासरा असो की भासरा, त्याला विचारा की भरलेली आहे का. चिंधी देताना विचारा, मागची कुठे गेली. मी विचारलं असतं तर हे काहीच झालं नसतं. तो राग मला गावाहून जास्त स्वतःचाच येतो.

दीड वर्षानं पाटलांच्या नावावर नवी भरमार आली. गावानं पेढे वाटले. आमच्या घरीही पाठवले, मी ते गाईला घातले. पुढच्या पोळ्याला बार पाटलांच्या हातून उडणार होता.

त्या दिवशी दुपारी मी पोळ्या अर्ध्या ठेवल्या आणि तोरणाकडे निघाले. कमल म्हणाली, "माय, बायका जात नाहीत तिथं." मी म्हटलं, "मी जाते."

झडत्या चालू होत्या. मला पाहून थांबल्या. बैलांच्या रांगेतून मी थेट पाटलांच्या पुढे जाऊन उभी राहिले, डोक्यावर पदर होता, तोंडावर नव्हता. मी म्हटलं, "गज टाकून दाखवा जी."

हे मला हवालदारानंच शिकवलं होतं. भरमारीसोबत लोखंडी गज असतो, ठासायचा. तो नळीत सोडायचा. पूर्ण तळापर्यंत गेला आणि ठण्ण वाजलं, तर बंदूक रिकामी. वर राहिला, तर आत काही तरी आहे. पाण्याचा घोट घ्यायला लागतो तेवढा वेळ.

पाटील संतापले. "बाईमानसानं मले शिकवाचं? घरी जा." तरणी पोरं हसायला लागली. कोणी तरी मागून म्हणालं, "तिची पोर लंगडी झाली तशी तिची अक्कलबी." कमलचे बाबा आपले बैल धरून उभे होते, त्यांनी तोंड फिरवलं. मी हलले नाही. बैल अस्वस्थ होऊन पाय आपटत होते आणि तोरण तसंच अडून राहिलं होतं.

मग भासरे पुढे आले. त्यांनी पाटलांच्या हातातून बंदूक घेतली, गज काढला आणि नळीत सोडला. गज सरसर खाली गेला. ठण्ण.

सगळे हसले. अगदी पोट धरून हसले. "झालं समाधान?" पाटील म्हणाले. "रिकामीच होती ना?"

मी म्हटलं, "रिकामी निघाली म्हनून हसून राहिले ना जी? हसा. तुमाले हसता यावं म्हनूनच आली मी. पुढच्या पोळ्यालेही येईन."

हसणं हळूहळू बंद झालं. भासरे मान खाली घालून बाजूला झाले. पाटलांनी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दारू भरली, चिंधी ठासली आणि बार आकाशात उडवला. तोरण तुटलं, बैल सुटले.

मी बैलांच्या आधी घरी पोचले. कमल दारात तांब्या घेऊन उभी होती, बैलांच्या पायावर पाणी घालायला. दोन्ही पायांवर उभी होती.